तांबड्या-पिवळ्या झेंड्यांच्या आत



तीन आठवडे झाले, इथं काही लिहिलं नाही. मुलाकडे ऑकलंडला आले आहे. न्यूझीलंडात सध्या उन्हाळा, आणि सूर्य मावळतो साडेआठ उलटून गेल्यावर. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या आपल्यासारखीला यापेक्षा काय हवं! मुलगा कामावरून येतो, सगळे मिळून सात वाजता निवांत जेवतो, भांडी आवरून होतात तरी बाहेर लख्ख उजेड. सांगलीला हिवाळ्यात साडेपाचलाच कशी धांदल उडते, ते तुम्हाला माहीतच आहे.

पण आज जेवणाचं लिहायचं नाही. आज पिहाच्या समुद्राचं लिहायचं आहे आणि माझ्या एका चुकीचं. चूक आधीच सांगून टाकते. माझी नात सात वर्षांची आहे. तिला पोहायला घालू नका, असं गेली दोन वर्षं मी सूनबाईला फोनवरून सांगत आले. आणि तिनं ऐकलं.

पिहा हे ऑकलंडच्या पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर. तिकडे बस जात नाही, आपलीच गाडी लागते. शहर संपलं की वायटाकेरेचे डोंगर लागतात, दाट झाडी, आपल्या आंबा घाटासारखी वळणं. माझं डोकं गरगरायला लागलं होतं. मग एका वळणावर एकदम खाली समुद्र दिसला. मुलानं गाडी बाजूला घेतली. काळी वाळू, पांढऱ्या फेसाच्या एकामागून एक ओळी, आणि मधोमध एक प्रचंड खडक, पुढचे पाय पसरून सिंह बसावा तसा. त्याला लायन रॉकच म्हणतात. माओरी लोकांचं नाव ते पिहा. होडीच्या नाळेपुढं पाणी फुटतं तसं या खडकापाशी फुटतं, त्यावरून ते नाव पडलं म्हणतात. नात म्हणाली, "आजी, महावीर भगवानांचा सिंह!" पाठशाळेत तिला लांछनं पाठ करायला दिली आहेत, तेव्हापासून तिला बैल दिसला की आदिनाथ आणि सिंह दिसला की महावीर.

वाऱ्याचं काय सांगू. आपल्याकडे समुद्रावरचा वारा म्हणजे संध्याकाळी केस विस्कटणारा. इथं गाडीचं दार उघडायला दोन्ही हात लागले. पश्चिमेकडून, थेट टास्मान समुद्रावरून येतो तो. मध्ये अडवायला काही नाही, पलीकडची जमीन म्हणजे एकदम ऑस्ट्रेलिया. ओढणी मी कमरेला गाठ मारून बांधली. दशम्यांचा डबा उघडला आणि पहिल्या घासाबरोबरच दाताखाली वाळू कचकचली. समुद्रपक्षी तर डब्यावर टपूनच होते. मी सवयीनं एक तुकडा टाकायला गेले, सूनबाईनं हात धरला. "आई, त्यांना घालू नका, मग ते लहान मुलांच्या हातातून ओढून घेतात." दया करतानाही विचार करावा लागतो. हे एक वेगळंच प्रकरण आहे, पुढे कधीतरी लिहीन.

वाळू काळी, कारण तिच्यात लोह आहे. दक्षिणेकडे तारानाकीचा ज्वालामुखी आहे, तिथला दगड झिजून, समुद्राच्या प्रवाहाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्यानं इथवर येतो. नातीनं घरून फ्रिजवरचा लोहचुंबक आणला होता. तो वाळूत फिरवला की त्याला काळी मिशी फुटायची. आणि ही वाळू उन्हात तव्यासारखी तापते. मी आपली मंदिरात शिरावं तशा कडेला चपला काढल्या आणि दहा पावलांत उड्या मारत परत आले. सगळे हसले. मीही हसले.

तिथवर सगळं छान होतं.

किनाऱ्यावर एके ठिकाणी दोन झेंडे रोवलेले होते, वरची पट्टी तांबडी, खालची पिवळी. दोन्हीत फारसं अंतर नाही. एवढा लांबलचक किनारा मोकळा, आणि सगळी गर्दी त्या दोन झेंड्यांच्या समोरच्या पाण्यात. मला वाटलं, कसली तरी स्पर्धा असावी. शिवाय खरं सांगायचं तर तिथल्या लोकांचे कपडे. बाया-पुरुष सगळे पोहण्याच्या कपड्यांत. मला त्या गर्दीत नातीला घेऊन जायला नको वाटलं. मुलगा गाडीतून छत्री आणायला गेला होता. मी सूनबाईला म्हटलं, "त्या तिकडे चल, खडकाच्या बाजूला. माणसं नाहीत, आणि बघ, पाणीही शांत आहे."

ती म्हणाली, "अहो आई, इथं झेंड्यांच्या मध्येच जायचं असतं."

मी म्हटलं, "आपण कुठं पोहणार आहोत? पाय तर भिजवायचेत."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आहे. गणपतीपुळ्याला म्हटलं, तारकर्लीला म्हटलं. तुम्हीही म्हटलं असेल. आपण साड्या-ड्रेस घोट्यापर्यंत उचलतो, मुलांचा हात धरतो आणि समजतो की समुद्र घोट्यापर्यंतच आहे.

चप्पल पायातच ठेवून मी नातीचा हात धरून पाण्यात उभी राहिले. लाट आली, गुडघ्याला लागली, गेली. दुसरी आली. ती परत जाताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. एका क्षणी मी उभी होते, दुसऱ्या क्षणी बसले होते, पाणी छातीपर्यंत, आणि हातात नातीचा हात नव्हता. ती माझ्यापासून आठ-दहा हातांवर होती. पुढच्या क्षणी आणखी लांब. सूनबाई तशीच आत धावली, आणि तिलाही पोहता येत नाही.

मी णमोकार म्हणत होते की नुसतीच ओरडत होते, आठवत नाही.

तांबड्या-पिवळ्या कपड्यातली एक मुलगी माझ्या शेजारून पाण्यात गेली. सतरा-अठराची असेल. तिच्या पाठीमागे पट्ट्याला बांधलेली एक लांब तरंगती नळी होती. ती आम्ही पाण्यात उतरलो तेव्हापासूनच आमच्यावर लक्ष ठेवून आमच्याकडे चालत निघाली होती, हे मला नंतर कळलं. तिनं नातीला नळीवर घेतलं, सूनबाईला दंडाला धरून वळवलं आणि दोघींना बाहेर आणलं. मिनिटभराचा सगळा प्रकार. नातीच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, ती खोकली, खोकली आणि म्हणाली, "आजी, तुझी एक चप्पल गेली."

त्या पोरीनं मला एका शब्दानं रागावलं नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पायाच्या अंगठ्यानं ओल्या वाळूवर चित्र काढून दाखवलं, सूनबाई मला मराठीत सांगत गेली. लाटा पाणी किनाऱ्याकडे आणून टाकतात. ते सगळं पाणी परत तर जायलाच हवं. मग ते वाळूतल्या एखाद्या खोल चरातून जोरानं मागे जातं, नदीसारखं. त्याला रिप म्हणतात. त्या चरात पाणी खोल असल्यामुळे तिथं लाटा फुटत नाहीत. म्हणून तो भाग वरून गडद आणि शांत दिसतो. म्हणजे मी जी जागा शांत म्हणून निवडली होती, तीच सगळ्यात वाईट होती. आणि झेंडे? रोज सकाळी समुद्राची तपासणी करून, त्यातल्या त्यात जिथं धोका कमी तिथं ते झेंडे रोवतात. चर सरकला की झेंडेही सरकतात. ती स्पर्धा नव्हती. ती सीमा होती.

आणखी एक तिनं सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते. रिपमध्ये सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झगडायचं नाही. तो आत ओढतो म्हणजे लांब नेतो, खाली बुडवत नाही. माणूस बुडतो तो दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि प्रवाहाचा जोर ओसरेपर्यंत त्याच्याबरोबर जायचं. पण तरंगायचं तर तरंगता यायला हवं ना? ते तर मी शिकू दिलं नव्हतं.

पिहाचा हा जीवरक्षकांचा क्लब १९३४ सालापासून आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाहून आलेल्या दोन जीवरक्षकांनी इथं नव्या प्रकारच्या फळ्या आणल्या, तेव्हापासून लाटांवर फळीवरून घसरण्याचा खेळ या देशात फोफावला. शनिवार-रविवारी इथं पहारा देणारी ही पोरं बहुतेक विनावेतन काम करतात. चौदाव्या वर्षापासून परीक्षा देता येते, त्यासाठी चारशे मीटर अंतर नऊ मिनिटांच्या आत पोहावं लागतं. आपल्या चौदा वर्षांच्या मुली मला आठवल्या. तत्त्वार्थसूत्र तोंडपाठ असतं, दहा दिवसांचे उपवास हसत करतात. पाण्यात मात्र दगड.

त्या संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन कुठलं लागतं. पाठ म्हणता म्हणता दिग्व्रतापाशी आले आणि थांबले. रत्नकरंड श्रावकाचार आपण स्वाध्यायात कितीदा वाचला आहे. दिग्व्रत म्हणजे दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा घालून घेणं. ती मर्यादा कशानं ठरवायची, तर प्रसिद्ध खुणांनी: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत. समंतभद्राचार्यांनी त्या खुणांमध्ये पहिलं नाव समुद्राचंच घेतलं आहे. आपण ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो. आणि प्रत्यक्षात दोन झेंड्यांची मर्यादा समोर दिसत होती, सूनबाई सांगत होती, तर मी म्हटलं, पाय तर भिजवायचेत.

मर्यादा ओलांडताना कुणीच म्हणत नाही की मी मर्यादा ओलांडते आहे. "एवढ्यानं काय होतंय" असंच म्हणतो आपण.

आता मूळ मुद्द्यावर येते. मी नातीला पोहण्यापासून का अडवलं? लोक काय म्हणतील हे एक कारण होतंच, पण मी सांगत होते ते कारण धर्माचं होतं. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते. कारण नसताना माती खणणं, पाणी उधळणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव, पाणी गाळून घेणारे आपण, आणि त्या तलावात औषध घातलेलं पाणी. मुलीनं त्यात तासभर डुंबायचं? सूनबाईनं शाळेत चिठ्ठी दिली, आणि पोहण्याच्या तासाला नात काठावर पुस्तक घेऊन बसायची. मला वाटलं, केवढे संस्कार.

मी पंडिता नाही. चुकत असेन तर जाणत्यांनी सांगावं. पण ग्रंथात अडवलं आहे ते निष्कारण केलेलं. जीव वाचवायची विद्या शिकणं निष्कारण आहे का? आपण गृहस्थ. रोज चूल पेटवतो, धान्य दळतो, कपडे धुतो. त्याला आरंभी हिंसा म्हणतो, ती नाहीच असं म्हणत नाही, कमीत कमी व्हावी म्हणून जपतो आणि रोज आलोचना करतो. पोहायला शिकणं मला आता त्याच खात्यात दिसतं. आठवड्यातून एक तास, गरजेपुरतं. त्यात हिंसा नाही असं मी म्हणणार नाही. तेवढी माझ्या नावावर लिहा. पण हिंसेच्या व्याख्येत आधी येतो तो प्रमाद, आणि त्या दिवशी गडद पाण्यात लेकराला घेऊन उभी राहिलेली मी, याहून मोठा प्रमाद कोणता?

कुणी म्हणेल, मग समुद्रावर जायचंच कशाला. हे म्हणणं मला पटतं, अर्धं. मुनींना पटेल, आपल्या घरातल्या पोरांना नाही. ती जाणारच. माझा मुलगा सांगत होता, जानेवारी २०२३ मध्ये याच पिहाला आपल्या देशातून आलेले दोन तरुण मित्र बुडाले. नव्या देशात आलेली मुलं, सुट्टीचा दिवस. त्यांच्या आयांना मनात आणलं की घशाखाली घास उतरत नाही. आणि समुद्र लांबचा झाला. आपल्या दारात कृष्णा आहे. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांना वाचवायला निघालेली नाव उलटली, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. त्या नावेतली माणसं मौजेसाठी निघाली नव्हती. त्यात बायका किती होत्या, आठवा. आपल्याकडे मुलगे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात, त्यांना कुणी प्रमादचर्येचा दाखला देत नाही. दाखला मुलींसाठीच बाहेर निघतो. मीही तो मुलीसाठीच काढला. नातू असता तर काढला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर इथं लिहायला लाज वाटते.

कपड्यांचं म्हणाल, तर ते निमित्तच निघालं. इथलं ऊन फार कडक. त्यामुळे किती तरी मुलं मनगटापर्यंत बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत पायांचा पोहण्याचा पोशाख घालतात. सूनबाईनं दुकानात दाखवला. गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेला. मी दोन वर्षं ज्यावर अडून बसले होते, ते हँगरला लटकत होतं.

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही, तीही सांगते, नाहीतर म्हणाल की आक्का परदेशात जाऊन पार बदलल्या. समुद्रस्नानानं पुण्य लागतं हे मला कधी पटलं नाही, आताही पटत नाही. आचार्यांनी नदी-समुद्राच्या स्नानाला आणि वाळू-दगडांचे ढीग रचण्याला धर्म मानणं ही लोकमूढता सांगितली आहे. (नातीनं वाळूचा किल्ला केला, तेव्हा मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हा धर्म नाहीये, हा रायगड आहे." त्यावर काय बोलणार?) आणि निव्वळ मौजेसाठी तासन्‌तास पाण्यात राहणं मला अजूनही आवडत नाही. पण न आवडणं वेगळं आणि शिकूच न देणं वेगळं.

दोन रविवारांनी आम्ही परत पिहाला गेलो. मुलाला वाटत होतं मी येणार नाही. मी म्हटलं, भीती तशीच मागे ठेवून सांगलीला गेले तर ती पुन्हा धर्माचं नाव घेऊन येईल. जाताना रस्त्यात जंगलातल्या पायवाटेवर थोडं फिरलो. तिथं वाटेच्या तोंडाशी बूट घासून, औषध फवारूनच आत जावं लागतं. कौरी नावाच्या फार जुन्या झाडांना मुळाचा रोग होतो, आणि तो माणसांच्या बुटाला चिकटलेल्या मातीतून पसरतो. झाडाला त्रास नको म्हणून एवढी माणसं मुकाट्यानं ओळीनं पाय झाडत उभी. ईर्यासमिती कुठं कुठं बघायला मिळेल, सांगता येत नाही.

किनाऱ्यावर वारा तसाच. या वेळी झेंड्यांच्या मधोमध गेलो. त्या उघड्याबोडक्या गर्दीत मी सलवार-कमीज घालून उभी होते आणि माझ्याकडे एकानंही वळून पाहिलं नाही. ती जीवरक्षक मुलगी त्या दिवशी नव्हती. तिच्यासाठी शंकरपाळ्यांचा डबा नेला होता, तो तिथल्या दुसऱ्या मुलांना दिला. त्यांनी उभ्या उभ्या संपवला आणि वाळूसकट खाल्ला.

घरी आल्यावर मी सूनबाईला म्हटलं, चुकलं माझं. उत्तम क्षमा आपण पर्युषणात मागतो, ही जानेवारीतली. ती काही बोलली नाही, मोबाइलवर काहीतरी टाइप करत राहिली. मग फोन माझ्यापुढं धरला. नातीचं नाव तिनं पोहण्याच्या वर्गात घातलं होतं. खाली आणखी एक नाव होतं, तिचं स्वतःचं. बायकांचा वेगळा वर्ग आहे, बाईच शिकवते.

नातीचा तास शनिवारी सकाळी नऊला असतो. मी काठावर बसते, मांडीवर टॉवेल, पिशवीत चिवडा. परवा पहिल्यांदा ती पाठीवर तरंगली, हात पसरून, डोळे मिटून. मी मोजत होते. अकरा आकडे झाले तेव्हा तिनं डोळे उघडले आणि मी बघते आहे ना, ते पाहिलं.